एका अक्षरावरून, एका भाकरीवरून

मागच्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर एका गटाच्या ताईंनी आम्हाला विचारलं, “एकाच देवाला मानणारी माणसं आपसात इतकी का भांडतात हो?” त्यांच्या गावात देवीची पालखी आधी कोणत्या आळीतून न्यायची, यावरून दोन वर्षं यात्रा धड भरली नव्हती. तेव्हा आम्ही उत्तर टाळलं. आज देतो, पण ते जरा लांबून येतं. हजार वर्षांहून जास्त टिकलेल्या एका ख्रिस्ती साम्राज्याची ही गोष्ट आहे. ती बिशप आणि बादशहांच्या नावाने सांगतात, पण तिची वळणं पुष्कळदा बायकांच्या हातून घडली.

आज ज्या शहराला इस्तंबूल म्हणतात, ते तुर्कस्तानात समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्टीवर वसलं आहे. अलीकडे युरोप, पलीकडे आशिया. तिथे पूर्वी बायझँटियन नावाचं गाव होतं. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ते हेरलं आणि ३३० साली तिथे आपली नवी राजधानी थाटली. तिचं नाव पडलं कॉन्स्टँटिनोपल. त्याआधी रोमच्या राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ होत असे. कॉन्स्टंटाइनने ३१३ साली तो थांबवला. पुढे ३८० साली सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती धर्म हाच राज्याचा धर्म ठरवला. ४७६ मध्ये पश्चिमेकडचं रोमन राज्य कोसळलं, पण पूर्वेकडचं टिकलं. व्यापाराची नाकी त्याच्या हातात होती, इजिप्तचं धान्य जहाजांनी येत होतं आणि शहराची तटबंदी अशी होती की शेकडो वर्षं कोणी ती फोडू शकलं नाही. इतिहासकार त्याला बायझंटाईन साम्राज्य म्हणतात. ते लोक मात्र शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होते.

आता भांडणाकडे येऊ. धर्म राज्याचा झाला की धर्मातला वाद हाही राज्याचा वाद होतो. इजिप्तमधला एरियस नावाचा धर्मगुरू म्हणू लागला, की येशू हा देवाने निर्माण केलेला आहे, तो देवाच्या बरोबरीचा नाही. कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसिया गावी बिशपांची मोठी सभा बोलावली. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत, असं सभेने ठरवलं. तरी वाद मिटला नाही. पुढे काही जणांनी मधली वाट काढली, ‘एकाच तत्त्वाचे’ न म्हणता ‘सारख्या तत्त्वाचे’ म्हणू या. ग्रीक भाषेत या दोन शब्दांत फक्त एका अक्षराचा फरक आहे. त्या एका अक्षरापायी बिशप हद्दपार झाले आणि रस्त्यावर माणसं एकमेकांवर धावून गेली.

मग प्रश्न आला मरियेचा. तिला ‘देवाची आई’ म्हणायचं की ‘ख्रिस्ताची आई’? राजधानीचा मुख्य धर्मगुरू नेस्टोरियस दुसरं म्हणा म्हणाला. सम्राटाची थोरली बहीण पुल्केरिया हिला ते पटलं नाही. तिने लग्न न करण्याचं व्रत घेतलं होतं आणि भाऊ लहान असताना राज्यकारभार सांभाळला होता. ४३१ च्या इफिससच्या सभेत नेस्टोरियस हरला. भाऊ वारल्यावर पुल्केरियाने मार्सियन नावाच्या सेनाधिकाऱ्याशी नावापुरतं लग्न करून त्याला गादीवर बसवलं. ४५१ साली या दोघांनी कॅल्सिडॉनची सभा भरवली. ख्रिस्ताचे दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव आहेत, असं तिथे ठरलं. इजिप्त, सीरिया आणि आर्मेनियातल्या बहुसंख्य लोकांनी ते मानलं नाही. ती फूट अजून आहे. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आजही त्या बाजूला आहेत.

या फुटीचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. पूर्वेकडचे जे ख्रिस्ती पर्शियाच्या धर्मपीठाखाली होते, ते व्यापाऱ्यांबरोबर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आले. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका प्रवाशाने लिहून ठेवलं आहे, की मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि ‘कॅलिआना’ या बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. हे बंदर म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात.

त्याच शतकात गादीवर होता जस्टिनियन, आणि त्याची राणी थिओडोरा. तिचे वडील शर्यतीच्या मैदानात अस्वलं सांभाळत. ती स्वतः लहानपणापासून तमाशाच्या रंगमंचावर उभी राहिली. अशा बाईशी उमरावाने लग्न करायला कायद्याची बंदी होती, म्हणून कायदाच बदलावा लागला. ५३२ साली राजधानीत मोठं बंड पेटलं. राजवाड्यातले सगळे म्हणू लागले, जहाजं तयार आहेत, पळू या. थिओडोरा हलली नाही. एकदा राजवस्त्र अंगावर घेतल्यावर परागंदा होऊन जगण्यात अर्थ नाही, असं तिने ठणकावल्याचं त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. राजा थांबला. मात्र बंड मोडताना मैदानात तीस हजार माणसं कापली गेली, हेही तोच लिहितो. त्या राखेवर पुढच्या पाच वर्षांत हागिया सोफिया हे प्रचंड मंदिर उभं राहिलं.

या नवरा-बायकोचं धर्मात जमत नव्हतं. राजा कॅल्सिडॉनच्या बाजूचा, राणी विरोधकांच्या बाजूची. ज्यांना राजाने हाकललं, त्या साधूंना राणीने राजधानीतल्याच एका वाड्यात आसरा दिला. तिच्याच पाठिंब्याने याकोब बारादायस बिशप झाला. तो फाटक्या वेषात गावोगाव हिंडला आणि त्याने सीरियात वेगळी धर्मव्यवस्था उभी केली. केरळातल्या याकोबाइट ख्रिस्तींच्या नावात तोच याकोब आहे. राणीच्या आसऱ्याने माणसं वाचली, हे खरं. त्याच आसऱ्याने फूट पक्की झाली, हेही खरं.

याची किंमत शंभर वर्षांत कळली. पर्शियाशी चाललेल्या दीर्घ लढाईने साम्राज्य थकलं होतं. ६३६ साली यार्मूक नदीकाठी अरब फौजेने त्याचा पराभव केला, आणि थोड्याच वर्षांत सीरिया, जेरुसलेम आणि इजिप्त हातचे गेले. एकट्या धर्मवादाने ते गेले असं आम्ही म्हणणार नाही. पण ज्या प्रांतांना राजधानीने दोनशे वर्षं पाखंडी म्हणून हिणवलं, त्यांचा जीव राजधानीवरून उतरला होता. धान्याचं कोठारच गेलं.

हार झाली की माणूस कारण शोधतो, देव का कोपला म्हणून. ७२६ साली एजियन समुद्रात ज्वालामुखी फुटला. सम्राट तिसरा लिओ याला वाटलं, आपण येशू-मरियेची चित्रं पुजतो म्हणूनच हा कोप. चित्रांवर बंदी आली. देवळांतली चित्रं उतरवली, भिंतींवर चुना फासला, चित्रं जपणाऱ्या साधूंचा छळ झाला. मधला काही काळ सोडला तर हे शंभर वर्षांहून जास्त चाललं.

ही बंदी दोनदा उठली, दोन्ही वेळा राणीकडून. पहिली आयरीन. नवरा वारला, मुलगा नऊ वर्षांचा, कारभार तिच्याकडे. ७८६ मध्ये तिने सभा बोलावली, तर सैनिकांनीच ती उधळून लावली. तिने त्या पलटणी मोडल्या आणि पुढच्या वर्षी नायसियाला पुन्हा सभा भरवली. सभेने एक समंजस निवाडा दिला. पूजा फक्त देवाची. चित्राला मान द्यायचा, आणि तो मान चित्र ज्याचं आहे त्याला पोचतो. आपण भिंतीवरच्या आजीच्या फोटोला हार घालतो, तो काचेला थोडाच घालतो! पण आयरीनला आम्ही देव्हाऱ्यात बसवणार नाही. ७९७ साली सत्तेसाठी तिने पोटच्या मुलाचे डोळे काढवले, आणि तेही तो ज्या दालनात जन्मला त्याच दालनात.

८१५ मध्ये बंदी परत आली. सम्राट थिओफिलोस चित्रांचा कट्टर विरोधक होता. त्याची राणी, हीही थिओडोराच, आपल्या दालनात चोरून चित्रं ठेवी. एकदा राजवाड्यातल्या विदूषकाने ती चित्रांचं चुंबन घेताना पाहिली आणि राणी बाहुल्यांशी खेळते म्हणून राजाला सांगितलं. राणी म्हणाली, मी दासींबरोबर आरशात पाहत होते, याला आमचीच प्रतिबिंबं दिसली. ही गोष्ट जुन्या बखरकारांची आहे. ८४२ साली राजा वारला आणि मार्च ८४३ मध्ये राणीने चित्रं परत आणली. तिने एक अट घातली. माझ्या मेलेल्या नवऱ्याला शाप द्यायचा नाही. ती अट मानली गेली आणि हा वाद कायमचा मिटला. मात्र याच राणीच्या काळात पॉलिशियन नावाच्या दुसऱ्या पंथाच्या हजारो लोकांची कत्तल झाली. घरचं भांडण समजुतीने मिटवणारी माणसं परक्याशी तशीच वागतील, याचा नेम नाही.

शेवटचं भांडण रोमशी. कारणं अनेक होती. श्रद्धावचनात रोमने घातलेला एक शब्द, पोपचा अधिकार किती, धर्मगुरूंनी लग्न करावं का. आणि एक कारण होतं भाकरीचं. प्रार्थनेतली पवित्र भाकरी पूर्वेकडे आंबवलेल्या पिठाची, पश्चिमेकडे न आंबवलेल्या पिठाची. १६ जुलै १०५४ रोजी पोपच्या दूताने हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचा कागद ठेवला. इकडच्यांनीही उलट बहिष्कार टाकला. साध्या माणसांना तेव्हा त्याचं फार काही वाटलं नसेल. पण मनं आंबत गेली. ११८२ मध्ये राजधानीतल्या लोकांनी तिथे राहणाऱ्या पश्चिमी ख्रिस्तींची कत्तल केली. पश्चिमेची ख्रिस्ती फौज धर्मयुद्धाला म्हणून निघाली, आणि १२०४ मध्ये तिने हेच ख्रिस्ती शहर लुटलं. ते १२६१ मध्ये परत मिळालं, पण अंगात ताकद उरली नव्हती.

२८ मे १४५३ च्या संध्याकाळी बाहेर तुर्की सुलतान मेहमेदच्या तोफा होत्या. त्या रात्री हागिया सोफियात दोन्ही पंथांची माणसं एकत्र प्रार्थनेला उभी राहिली. भाकरी कोणती, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शहर पडलं. १०५४ चे ते बहिष्कार पोप आणि पूर्वेच्या मुख्य धर्मगुरूंनी मिळून १९६५ साली रद्द केले. नऊशे अकरा वर्षांनी.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं आमच्या परीने हे उत्तर. अक्षर, चित्र, भाकरी ही निमित्तं असतात. त्यांच्या आडून मान कोणाचा, गादी कोणाची आणि कोणाला विचारलं नाही, हे भांडत असतं. तुमच्या यात्रेआधी गटाची बैठक बसेल, तेव्हा पालखी कोणत्या आळीतून जावी हे लगेच विचारू नका. आधी एवढंच विचारा, मागच्या वेळी कोणत्या आळीला कोणी विचारलंच नव्हतं? आणि काय उत्तर आलं, ते आम्हाला जरूर कळवा.