गिटार कोणी वाजवली? : एका न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

१/
१९८० साली ‘कर्ज’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. कथा पुनर्जन्माची. नायक गिटारवर एक धून छेडतो आणि तिच्यातून गतजन्मीची स्मृती जागी होते. सारे कथानक त्या मोजक्या सुरांवर उभे आहे. पडद्यावर गिटार दिसते ती ऋषी कपूर यांच्या हातात. ध्वनिमुद्रणात मात्र बोटे होती गोरख शर्मा यांची. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांचे हे धाकटे बंधू.

२/
मी यवतमाळचा. पोटापाण्याचा उद्योग निराळा. गिटार केवळ हौसेची. शिकाऊ काळात ही धून मी शेकडो वेळा घोटली. नट, गायक, संगीतकार, दिग्दर्शक अशी सगळी नावे मला तोंडपाठ होती. ज्या माणसाच्या बोटांची मी नक्कल करीत होतो, त्याचेच नाव ठाऊक नव्हते. ते नाव गळाले कुठे, याचा शोध म्हणजे हा थ्रेड.

३/
सुरुवात गोव्यापासून करावी लागते. पोर्तुगीज सत्तेबरोबर सोळाव्या शतकात तेथे चर्च आले आणि चर्चबरोबर धर्मग्रामांच्या शाळा आल्या. या शाळांत मुलांना प्रार्थनेसोबत पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवली जात. कागदावरचे स्वर पाहून वाजवणारी पिढ्यान् पिढ्यांची माणसे त्यातून तयार झाली. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी व संस्थानी बँडना, मूकपटांच्या वाद्यवृंदांना आणि मोठ्या हॉटेलांना हीच माणसे हवी होती.

४/
१९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजू लागले. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराचा बँड तेथे आला. त्या सुरांनी भारावलेल्या गोवेकरांत ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात वादन, असा अनेकांचा दिनक्रम झाला.

५/
बोलपटाला या मंडळींची गरज का पडली? आपली परंपरा मौखिक, तर स्टुडिओतील वाद्यवृंद मोठा. पन्नास वादकांनी एकाच वेळी नेमके तेच वाजवायचे, तर ते कागदावर उतरवावे लागे. हे काम ‘अरेंजर’ करी. शंकर-जयकिशन यांच्या संगीतामागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा होते, ताल सांभाळणारे दत्ताराम वाडकर होते. श्रेयनामावलीत या दोघांची ओळख एका शब्दाची : सहायक.

६/
गिटार आपल्याकडे आली ती दोन वाटांनी. एक स्पॅनिश धाटणीची, बोटांनी तारा दाबून वाजवायची. दुसरी हवाई बेटांची, मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा दांडा सरकवायची. हवाईचे वादक ताऊ मो १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिले आणि त्या शहरात ही गिटार रुजली. एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकता येत असल्यामुळे ती आपल्या मींडेला जवळची वाटली. व्हॅन शिपली यांच्या विद्युत गिटारवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग उभा केला.

७/
मात्र एक भेद लक्षात घ्यावा. व्हॅन शिपली आणि काब्रा यांची नावे तबकडीवर छापली गेली, कारण तेथे गिटार हीच नायिका होती. गाण्याच्या आत वाजणाऱ्या गिटारला ते भाग्य नव्हते. तिथला वादक पाळीच्या हिशेबाने पैसे घेई, वाजवी आणि दुसऱ्या स्टुडिओची वाट धरी. पुढे ते गाणे चाळीस वर्षे वाजले तरी त्याचा हिशेब त्या संध्याकाळीच संपलेला असे.

८/
आम्हा यवतमाळकरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ‘शकुंतला’ची अरुंद रेल्वे घातली गेली ती येथला कापूस मुंबईकडे आणि तेथून मँचेस्टरकडे नेण्यासाठी. गाठीत बांधला गेला की कापसाला गाव उरत नसे. कापडावर शिक्का असे तो गिरणीचा. स्टुडिओतील वादकाचा सूरही असाच गाठीत बांधला गेला.

९/
आता प्रश्न असा की, गायकांची नावे तरी पहिल्यापासून होती का? मुळीच नव्हती. १९४९ सालचा ‘महल’ आठवा. त्यातील अजरामर गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’. हे चित्रपटातील पात्राचे नाव! गाणाऱ्या लता मंगेशकर यांचा त्या तबकडीवर उल्लेखच नव्हता.

१०/
गाणे रेडिओवर वाजले आणि श्रोत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला : ही गायिका कोण? अखेर रेडिओने ध्वनिमुद्रिका कंपनीकडून नाव मिळवून ते जाहीर केले. पुढे लताबाई स्वामित्वधनासाठी भांडल्या. पार्श्वगायनाला फिल्मफेअर पुरस्कार नाही, म्हणून त्यांनी त्या सोहळ्यात गाण्यास नकार दिला. १९५९पासून तो पुरस्कार सुरू झाला. उद्योगाने आपण होऊन काही दिले नाही. आधी श्रोत्यांनी विचारले, मग कलावंत अडून बसली, तेव्हा कुठे हे घडले.

११/
गिटारवादकाबद्दल अशी पत्रे कोणी लिहिली नाहीत. लिहिणार तरी कशी? नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ. त्यांना चित्रपटसंगीत उथळ व पाश्चात्त्याळलेले वाटे. १९५२ साली आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा गाणी परतली. निवेदनाचा साचा ठरला : चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. चार नावे आणि गाणे सुरू. वादकाला त्या साच्यात जागाच नव्हती.

१२/
या साच्याला एक बोलका अपवाद आहे. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) आणि ‘यादों की बारात’ (१९७३) यांतील गाजलेल्या गिटारचे श्रेय आज अनेक जण भूपिंदर सिंग यांना बिनचूक देतात. का? ते स्वतः नामवंत गायक होते, म्हणून. कंठामुळे नाव झाले आणि त्या नावामागून गिटारही ओळखली गेली. ज्यांनी केवळ गिटारच वाजवली, ते मागेच राहिले.

१३/
दुसरे उदाहरण माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारी मैफल उभी केली. त्यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तील विनोदी गाण्यातून, म्हणजे शिष्याने वाहिलेल्या आदरांजलीतून. गंमत अशी की, हे नाव एका खऱ्या माणसाचे आहे हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते.

१४/
महानगरांत याच काळात गिटारची निराळी दुनिया वसत होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एका सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ ही हौशी बँडांची स्पर्धा भरू लागली. १९८६पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाले आणि रंगभवन हे रॉकप्रेमींचे तीर्थक्षेत्र ठरले. तेथे वादकाला नाव होते, टाळ्या होत्या. पण ती दुनिया बहुतांशी इंग्रजी गाणारी, मोठ्या शहरांतली. वणी, पुसद, दारव्हा येथल्या मुलापर्यंत ती क्वचितच पोहोचली.

१५/
आमच्यापर्यंत गिटार आली ती कॅसेटमधून. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटने जुन्या ध्वनिमुद्रिका कंपनीची मक्तेदारी मोडली. चित्रपटगीतांबरोबर भजने, भीमगीते, लोकगीते बाजारात आली आणि लहान गावचा कलावंतही ध्वनिमुद्रित होऊ लागला. हा मोठाच लोकशाही बदल होता. परंतु स्वस्ताईत पहिली कात्री लागली ती माहितीवर. इवल्याशा वेष्टनावर गायकाचा फोटो मावला, वादकाचे नाव मावले नाही.

१६/
मग गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा येत. त्यातला गिटारवाला कॅसेट मागे-पुढे करून, कानाने टिपून, कोणतेही स्वरलेखन हाती नसताना मुंबईच्या वादकाचे सूर जसेच्या तसे उभे करी. एका अनामिकाची विद्या दुसऱ्या अनामिकाकडे अशी चालत आली. याला मी परंपराच मानतो. फक्त या परंपरेला वंशावळ नाही. ख्यालगायनात आपण घराणे सांगतो, कान पकडून गुरूचे नाव घेतो. येथे घ्यायचे कोणाचे?

१७/
कायद्याने काय केले, तेही पाहू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात वादकाच्या वा गायकाच्या सादरीकरणाला हक्कच नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताबाबत, वेगळा करार नसल्यास, निर्मात्याच्या बाजूने कौल दिला. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून गाणाऱ्या कलावंताला कायद्यात स्थान नसल्याची खंत नोंदवली. १९९४ साली सादरकर्त्यांचे हक्क प्रथम कायद्यात आले. २०१२च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातून स्वामित्वधन मिळण्याची तरतूद केली.

१८/
पण याच २०१२च्या दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटातील ज्याचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि उद्योगाच्या प्रथेनुसार ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीसह कोठेच होत नाही, त्याला, एक मर्यादित नैतिक हक्क वगळता, ‘सादरकर्ता’ मानले जाणार नाही. ‘प्रासंगिक’ ही अट आहे, म्हणून हे प्रत्येक वादकाला आपोआप लागू होते असे नव्हे. तरी तर्क पाहा. आधी प्रथेने नाव द्यायचे नाही आणि मग नाव नसणे हीच हक्क नाकारण्याची एक कसोटी करायची! नाव हा केवळ मानाचा प्रश्न का नाही, ते येथे उमगते.

१९/
एक आक्षेप रास्त आहे. या वादकांना रोख मजुरी मिळे, त्यावर संसार उभे राहिले. १९५०च्या दशकापासून त्यांची संघटना होती. आणि पन्नास जणांची नावे तबकडीवर छापायची तरी कशी? शिवाय अमेरिकेतही हेच घडले. मोटाउन कंपनीची असंख्य गाणी वाजवणारे ‘फंक ब्रदर्स’ जगाला नीट ठाऊक झाले ते २००२च्या माहितीपटाने. हे सारे मान्य. पण आज जागेची सबब उरलेली नाही. मोबाइलच्या पडद्यावर पन्नास काय, पाचशे नावे मावतात. तरीही वादकांचा रकाना पुष्कळदा रिकामाच असतो.

२०/
दोष आपल्याकडेही आहे. आम्ही हौशी गिटारवाले भेटलो की चर्चा वाद्याची. फेंडर की गिब्सन? कोलकात्याची गिव्हसन शिकाऊंसाठी बरी का? लाकूड कोणते? ब्राझीलचा रोझवूड दुर्मीळ झाल्यावर १९६९पासून अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला, हेही कुणी अभिमानाने सांगतो. वाद्याचे कूळ आम्हांला झाडापर्यंत पाठ. वादकाचे नाव विचारले की शांतता.

२१/
म्हणून एक विनंती. जुने गाणे आवडले आणि त्यातला गिटारचा तुकडा मनात राहिला, तर तो कोणी वाजवला हे शोधा. सापडले तर ते नाव गाण्यासोबत लिहा. स्वतः ती धून वाजवून टाकाल, तेव्हा मूळ वादकाचा उल्लेख करा. आपल्या गावात पूर्वी ऑर्केस्ट्रा होता का, त्यात कोण काय वाजवीत होते, हे त्यांच्याच तोंडून, ते आहेत तोवर, नोंदवून ठेवा. यवतमाळात हे काम मी सुरू केले आहे. आरंभ एका चाळीस पानी वहीने केला.

२२/
१९४९ साली सामान्य श्रोत्यांच्या पत्रांनी ‘कामिनी’च्या जागी लता मंगेशकर हे नाव आणले. त्यांच्या हाती एक पोस्टकार्ड आणि एक साधा प्रश्न होता. तोच प्रश्न गिटारबद्दल विचारायचा राहून गेला आहे.

गोरख शर्मा २०१८ साली गेले. ती धून पुन्हा कानी पडेल, तेव्हा शेजारच्याला एवढे जरूर सांगा : ही गिटार त्यांची.

(समाप्त. तुमच्या गावच्या वादकांच्या आठवणी खाली अवश्य लिहा.)