सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे

मावळात हक्कांची सभा भरली की बोलणे फिरून जमिनीवर येते. तळेगावशेजारचे वराळे घ्या, नाहीतर पवनेकाठचे एखादे गाव. आपल्या समाजाच्या जलशांत मात्र हक्क म्हणजे शरियत, तलाक, उर्दू शाळा आणि फार तर आरक्षण. जमीन-पाण्याचा प्रश्न जणू दुसऱ्या कुणाचा!

शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीने मुळा-निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधायला घेतले. पाणी कोकणात उतरवून मुंबईसाठी वीज करायची होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावे इतिहासात राहिली, ती रास्तच. पण राजेंद्र व्होरांचे या सत्याग्रहावरचे पुस्तक वाचताना आम्ही दुसऱ्याच जागी अडलो. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. सावकाराला मोबदला चालणार होता. कसणाऱ्याला जमीनच हवी होती. एकाच मांडवातल्या माणसांचे हित एक नव्हते.

आणि ज्याला जमीनही नाही, कुळही लागत नाही, त्याचे काय? आपला मुलाणी गावगाड्यातला बलुतेदार. जत्रेतला बकरा हलाल करायचा आणि सुगीला खळ्यावर पेंढी मागायची, हे त्याचे वतन. गाव उठले की खळे गेले. त्या पेंढीचा भाव कोणत्या सरकारी दप्तरात लावायचा? लोहाराचे, सुताराचे, महाराचेही तेच.

1894 चा जो भूसंपादन कायदा मुळशीत लावला, तो स्वातंत्र्यानंतरही साडेसहा दशके चालला. 9 ऑगस्ट 2011 ला, ऐन क्रांतिदिनी, पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर उतरलेल्या मावळच्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघे गेले, त्यांत एक बाई होती, तेव्हाही तोच कायदा जिवंत होता. 2013 चा नवा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत भूमिहीन शेतमजूर, कुळे आणि कारागीरही आले. अट एवढीच की संपादनाआधी तीन वर्षे त्यांचा मुख्य रोजगार तिथलाच असावा आणि तो संपादनामुळे बुडत असावा. म्हणजे खळ्यावरच्या माणसाला या कायद्यात कागदावर जागा झाली. मात्र एमआयडीसीचे संपादन राज्याच्या 1961 च्या वेगळ्या कायद्याने होते. म्हणून नोटीस आली की मोबदल्याच्या आकड्याआधी कायद्याचे नाव वाचावे, आणि आपण तीन वर्षे इथेच कमावतो याचे पुरावे जपून ठेवावेत: रेशनकार्ड, दुकानाची पावती, मजुरीची नोंद, मिळेल ते.

हा विषय पुढच्या जलशात घ्यावा, असे आम्ही सुचवले होते. वेळ उरला तर घेऊ, असे उत्तर आले.