हँडल, बटण आणि उस्तादांची वही

आम्ही बागवान. तासगावची द्राक्षं आणि सांगोल्याची डाळिंबं उचलायची, मिरज-कोल्हापूरच्या बाजारात पोचवायची, हा अब्बांचा चाळीस वर्षांचा धंदा. गाडी साधी पिकअप. काच खाली-वर करायला हँडल, दाराला खटका. दोन वर्षांपूर्वी अब्बांचा उजवा खांदा आखडला. स्टिअरिंग कसंबसं फिरे, पण काचेचं हँडल फिरवताना कळ मस्तकात जायची. मग ते नाक्याच्या आधीच गाडी थांबवून डाव्या हातानं काच उतरवून ठेवू लागले. पावसातही काच उघडीच. डावं दार लॉक करायला सीटवर आडवं व्हावं लागे, म्हणून तेही उघडंच राही.

मी म्हटलं, काचा आणि लॉक बटणावर करून घेऊ. अब्बा म्हणाले, "कायकू इतना खर्चा? मेरा हात है ना." पैशाचं निमित्त होतं. आता तुमच्यानं होत नाही, असं मुलगा तोंडावर सांगतोय, एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

त्याच आठवड्यात मला मोबाइलवर एक संदेश आला. मोटारगाडीतल्या सगळ्या यंत्रांचा शोध मुसलमानांनी आठशे वर्षांपूर्वी लावला, असा त्याचा मथळा. खाली अल-जझरीचं नाव. असे संदेश तुम्हालाही येत असतील. आपल्याला 'गॅरेजवाले' म्हणून हिणवणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं, या आनंदात आपण ते पुढे ढकलतो. मी ढकलला नाही, कारण जझरी खरोखर कोण होता हे या संदेशापेक्षा जास्त मोलाचं आहे.

इब्न अल-रज्जाज अल-जझरी हा आमिदच्या, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेल्या दियारबकरच्या, अर्तुकी दरबारातला कारागीर-अभियंता. 1206 मध्ये त्यानं यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्यात पन्नास यंत्रं आहेत: पाण्याची घड्याळं, कारंजी, पाणी उपसायची साधनं. पाणी उपसण्याच्या यंत्रात त्यानं फिरत्या गतीचा आणि दांडा मागं-पुढं सरकण्याचा मेळ घातला आहे. काचेचं हँडलही जवळपास तेच काम करतं: मनगट गोल फिरतं, काच सरळ वर जाते. आणि शेवटच्या भागात दारासाठी एक कुलूप आहे. चार दिशांना चार अडसर, पण किल्ली एकच. किल्ली फिरली की मधलं दातेरी चक्र चारही अडसर एकदम सरकवतं.

म्हणून सेंट्रल लॉक जझरीनं शोधलं असं म्हणायचं का? नाही. त्याच्याआधी नवव्या शतकात बगदादचे बनू मूसा बंधू होते, त्यांच्याआधी ग्रीक होते. जझरी स्वतः पूर्वसूरींची नावं घेतो. जुन्याची नक्कल करून थांबलो नाही, हेही सांगतो. त्याचं वेगळेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. सुलतानानं त्याला सांगितलं की तू केलेल्या कामाची नोंद राहिली पाहिजे. मग त्यानं प्रत्येक यंत्राची मापं, धातू, जोडणीचा क्रम आणि आकृत्या अशा लिहिल्या की दुसऱ्या कारागिराला त्यावरून यंत्र उभं करता यावं. 1974 मध्ये डोनाल्ड हिल यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा जगाला हे नीट वाचता आलं. आठशे वर्षं टिकलं ते लिहिलेलं.

मोटारीतली हकीकत पुढची आणि दूरची आहे. अमेरिकेत स्क्रिप्स-बूथ या कंपनीनं 1914 मध्येच विजेवर चालणारी दाराची कुलपं दिली होती. 1940 मध्ये पॅकार्डनं आपल्या महागड्या गाडीत बटणावरच्या काचा आणल्या, पण त्या विजेच्या पंपानं दाब दिलेल्या तेलावर उचलल्या जात. नळीतून तेल न जाता थेट मोटरवर चालणाऱ्या काचा क्रायसलरच्या इम्पीरियलमध्ये 1951 साली आल्या. दूरवरून बटण दाबून कुलूप उघडायची सोय फ्रान्सच्या रेनो फ्युएगोत 1982 ला दिसली. सुरुवात जवळजवळ प्रत्येक वेळी श्रीमंताच्या गाडीपासून.

आपल्याकडेही तसंच. टेल्कोनं पुण्यात 1988 मध्ये टाटामोबाइल ही पिकअप आणली. तिच्याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा आली आणि तिला काचा बटणावर मिळाल्या. सांगाडा एकच, पण माल वाहणाऱ्यानं हँडल फिरवायचं आणि शौकिनानं बटण दाबायचं.

ही दरी भरून काढली ती गॅरेजांनी. आमचे चाचा मिरजेचे, जातीनं शिकलगार. मिरजेतल्या शिकलगारांचा इतिहास अनेकांना ठाऊक असेल. तलवारी-भाल्यांना धार लावणारी ही माणसं. हत्यारांचा जमाना सरला तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला, मग सतार आणि तंबोरे घडवले. त्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांच्या घरात सतार आली नाही, पाना आला.

चाचांनी अब्बांना स्टुलावर बसवलं आणि प्रत्येक गोष्ट दाखवून केली. हँडलच्या मागं फडकं घालून मागं-पुढं ओढलं, तशी आतली स्प्रिंगची क्लिप उडाली आणि हँडल हातात आलं. दाराचा पत्रा निघाला. त्यामागचा प्लास्टिकचा कागद फाडायचा नाही, पावसाचं पाणी तोच अडवतो. जुनी काचेची मशीन काढून मोटरवाली बसवली. मोटरच्या तोंडाशी मळसूत्री दाता असतो. तो चाकाला फिरवतो, पण चाक त्याला उलटं फिरवू शकत नाही. म्हणून करंट बंद झाला तरी काच आपल्या वजनानं खाली येत नाही. वर-खाली करायला दुसरं काही लागत नाही, बटण मोटरचा करंट उलटा करतं, बस्स. लॉकला दोन छोट्या 'गन' लागतात: ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची, दुसरीकडे दोन वायरींची. पहिली हुकूम देते, दुसरी पाळते.

चाचांचे तीन नियम होते. वायर दारातून बॉडीत जाते तिथं रबरी नळी हवीच, नाहीतर दार उघडून-मिटून तांबं तुटतं. फ्यूज बॅटरीच्या जवळ. आणि बॅटरी मेली तरी खटका हातानं उचलता आला पाहिजे. शेवटी त्यांनी बटण असं लावलं की काच वर घ्यायला ते खेचावं लागेल. "पोट्टा गुडघ्यावर उभा राहिला आणि बटण दाबलं गेलं, तर काच खालीच जायला पाहिजे, वर नाही." अमेरिकेत हा पुढे कायद्याचा नियम झाला. चाचांनी तो वाचला नव्हता. त्यांच्या उस्तादांनी सांगितला होता, कारण एका पोराचा हात अडकलेला त्यांनी पाहिला होता.

मी विचारलं, "चाचा, हे कुठं लिहून ठेवलंय?" ते हसले आणि वायर पकडीनं सोलत राहिले. त्यांच्या उस्तादांचं नाव त्यांना माहीत आहे, उस्तादांच्या उस्तादांचं नाही.

आपण जझरीचं नाव फिरवतो आणि आपल्या गल्लीतल्या माणसाचं ज्ञान त्याच्याबरोबर कबरीत जाऊ देतो. माझं दुखणं हे आहे. अभिमानाचा संदेश पुढे पाठवायला अंगठा पुरतो. नोंद करायला दिवसभर स्टुलावर बसावं लागतं. त्या दिवशी मी शंभर पानी वही आणली. कुठल्या रंगाची वायर कुठं जाते, फ्यूज किती अँपिअरचा, मशीनचे बोल्ट कुठल्या क्रमानं आवळायचे, सगळं चाचा सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. आकृती माझी चुकली तेव्हा अब्बांनी पेन घेतला आणि डाव्या हातानं दुरुस्त केली. दिवसभर ते बोलले नव्हते, पण पाहत होते.

संध्याकाळी घरी येताना नाक्यावर अब्बांनी गाडी रांगेत घेतली, बटण दाबलं, कागद बाहेर दिला, बटण खेचलं. त्याबद्दल एक शब्द नाही. हँडलं मात्र त्यांनी भंगारात टाकू दिली नाहीत, सीटखाली ठेवलीत.

वही चाचांच्या गॅरेजात खिळ्याला लटकते. पहिल्या पानावर चाचांच्या उस्तादांचं नाव आहे. तुमच्या गावातही असा एखादा उस्ताद असेल. त्याच्याकडे एकदा वही घेऊन जा.