उंचावलेल्या जीपचे सुकाणू : एका यांत्रिक दोषाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधांना जेवढे स्थान मिळते, तेवढे दोषांना मिळत नाही. एखादा दोष दूर झाला की तो विस्मृतीत जातो आणि पुढे वेगळ्या नावाने परतला तर नवाच भासतो. खडकाळ वाटांसाठी उंच केलेल्या जीपगाड्यांत असा एक दोष आढळतो. महामार्गावरील वेगात पुढचे चाक एखाद्या खड्ड्यातून जाताच दोन्ही चाके डावी-उजवीकडे जोराने थरथरू लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही आणि वेग पुष्कळ कमी केल्याखेरीज हा कंप थांबत नाही. अमेरिकेत त्यास ‘डेथ वॉबल’ असे नाव पडले. हा प्रश्न हौशी वाहनधारकांचा मानून सोडून दिला जातो. वस्तुतः त्याची मुळे १९२० च्या दशकात आहेत. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेतला आहे.

‘शिमी’ आणि अखंड ॲक्सल

चारचाकीची पुढची दोन चाके टाय रॉडने जोडून वेगवेगळ्या कोनांत वळविण्याची रचना घोडागाडीच्या काळातील आहे. म्युनिकचे गाडीकार लँकेनस्पर्गर यांची ही कल्पना १८१८ मध्ये इंग्लंडात त्यांचे प्रतिनिधी अकरमान यांच्या नावे पेटंट झाली आणि मूळ कारागिराऐवजी प्रतिनिधीचेच नाव तिला चिकटले. घोडागाडीच्या वेगात या रचनेत फारसे वावगे जाणवले नाही. मोटारीचा वेग वाढला आणि १९२३ च्या सुमारास कमी दाबाचे फुगीर टायर प्रचारात आले, तेव्हा मात्र पुढची चाके थरथरण्याच्या तक्रारी सर्वत्र ऐकू येऊ लागल्या. त्या काळच्या लोकप्रिय नृत्यावरून या कंपास ‘शिमी’ म्हणत.

फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिए यांनी १९२५ मध्ये या कंपाचा टायरच्या बाजूच्या घसरणीशी संबंध दाखवून दिला. दुसरे कारण अखंड ॲक्सलमध्येच होते. अशा ॲक्सलवरील एक चाक वर उचलले गेले की दुसरेही कलते. फिरते चाक कलले की भोवऱ्याच्या नियमाने ते किंगपिनभोवती वळू पाहते. ॲक्सलची उडी आणि चाकांचे वळणे एकमेकांस खतपाणी घालतात. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेले मॉरिस ऑली यांच्या प्रयोगांतून १९३४ मध्ये त्या कंपनीच्या मोटारींस पुढे स्वतंत्र निलंबन मिळाले. प्रवासी मोटारींपुरता हा प्रश्न त्यानंतर हळूहळू मिटत गेला.

जीप : सोडलेल्या वाटेवर पुन्हा

सप्टेंबर १९४० मध्ये बँटम कंपनीची पहिली नमुनागाडी कँप होलाबर्ड येथे अमेरिकी सैन्याच्या हाती आली. पुढे विलीज व फोर्ड यांनी सहा लाखांवर जीपगाड्या तयार केल्या. चारही चाकांना शक्ती, मजबुती आणि रणभूमीवर सुलभ दुरुस्ती या गरजांपायी जीपने अखंड ॲक्सल व कमानपाटेच पत्करले. सैन्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. गाडी बुटकी, टायर अरुंद आणि वेग बेताचा असल्याने सुप्त दोष सुप्तच राहिला.

तो जागा झाला तो नागरी हौसेमुळे. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेवर १९५३ पासून आणि युटातील मोआब येथे १९६७ पासून जीपयात्रा भरू लागल्या. मोठे टायर बसावेत म्हणून गाड्या उंच होऊ लागल्या. कमानपाट्यांच्या गाडीत लांब शॅकल लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय; परंतु शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकास असेल तर ॲक्सल पुढे कलतो आणि किंगपिनचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. गाडी मग सरळ धावत नाही, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परतत नाही. पाटे व ॲक्सल यांच्यामध्ये पाचर बसवून हा कोन परत मिळविता येतो.

चेरोकी (१९८४) आणि रँग्लर टीजे (१९९७) या मालिकांत पुढे कॉइल स्प्रिंगा आल्या व ॲक्सल आडवा धरण्यासाठी ट्रॅक बार आला. येथे गणित अधिक सूक्ष्म होते. समजा, ८० सेंटिमीटर लांबीच्या बारची दोन टोके उंचीत १० सेंटिमीटरने भिन्न आहेत. गाडी आणखी १० सेंटिमीटर उचलली तर साध्या पायथागोरसच्या प्रमेयानुसार ॲक्सल जवळजवळ दोन सेंटिमीटर एका बाजूस सरकतो. ड्रॅग लिंकही तिरपी होते व स्टिअरिंगचे चक्र वाकडे उभे राहते. पुष्कळदा यावर खाली झुकलेला पिटमन आर्म लावला जातो. त्याने ड्रॅग लिंक सपाट होते, पण ट्रॅक बार तिरपाच राहतो. दोहोंचे समांतरत्व बिघडल्याने प्रत्येक उंचवट्यावर गाडी स्वतःहून वळू लागते. अर्धी दुरुस्ती मूळ दोषाहून घातक ठरते ती अशी.

डँपरचा भ्रम

कंप सुरू झाला की प्रथम स्टिअरिंग डँपर बदलला जातो, कारण ते काम अर्ध्या तासाचे आहे. डँपर कंपाची ऊर्जा शोषतो. ट्रॅक बारचे झिजलेले बुश, लंबगोल झालेले बोल्टचे छिद्र, सैल बॉल जॉइंट वा टायरचा असमतोल तो दुरुस्त करीत नाही. उलट, नवा डँपर काही महिने दोष झाकतो आणि तेवढ्या काळात सांधे अधिक झिजतात. कुणी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने खाली वाकून कोणता सांधा उशिरा हलतो ते पाहावे, ही जुनी पद्धत आजही सर्वांत विश्वसनीय आहे. न उंचावलेल्या गाड्याही या दोषातून सुटलेल्या नाहीत : २०१९ मध्ये नव्या रँग्लरच्या तक्रारींनंतर उत्पादकाने डँपर विनामूल्य बदलून दिले.

भारतात विलीजच्या परवान्यावरील जीप मुंबईत महिंद्र कंपनीने तयार केली आणि कमानपाट्यांची ती रचना येथे अमेरिकेहून अधिक काळ टिकली. गाडी उंच करून घेण्याची हौसही तिच्यासोबत आली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी आलेल्या नव्या थारमध्ये पुढचा अखंड ॲक्सल नव्हता. तेथे स्वतंत्र निलंबन होते.