मॅट्रिकचा इंग्रजी निबंध

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात चकलीचा सोऱ्या आणि माझे तांबडे पेन ही दोन्ही एकदमच बाहेर निघतात. शाळामास्तराच्या घरी फराळाआधी सहामाहीचे गठ्ठे येतात! यंदा दहावीचे इंग्रजी निबंध तपासायला बसलो, तर बहुतेक सगळे एकाच साच्यातले. गाइडातून पाठ केलेले. चूक शोधूनही सापडू नये असे. एका मुलाने मात्र स्वतःचे लिहिले होते. क्रियापदे लंगडी, स्पेलिंगे अंदाजाने घातलेली. पण आजी गेल्यामुळे यंदा आपल्या दारात आकाशकंदील लागणार नाही, एवढे त्याने मला नीट कळवले होते. आता याला गुण किती द्यावेत?

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, म्हणून असेल कदाचित, पण या परीक्षेच्या जन्मकथेकडे माझे मन पुनःपुन्हा वळते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. त्यात उत्तीर्ण झालेल्यांत निफाडला जन्मलेला, कोल्हापुरात शिकलेला सतरा वर्षांचा एक मुलगा होता, महादेव गोविंद रानडे. पुढे १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. झाले, त्यांतही तो होता, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही.

इंग्रजी हा त्या परीक्षेचा उंबरठाच होता. पुढे तर कित्येक वर्षे इतिहास आणि गणितसुद्धा मुलांना इंग्रजीतच लिहावे लागे. मग घरोघर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, पाठांतर आणि कंदिलाखालची जागरणे आलीच.

पण रानड्यांची खरी गोष्ट मॅट्रिकनंतरची आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी एका इंग्रजी निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजांच्या राज्याशी तुलना केली, आणि माप मराठ्यांच्या बाजूने टाकले. प्रिन्सिपॉल होते सर अलेक्झांडर ग्रँट. मनुष्य काही सामान्य नव्हे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची त्यांनी काढलेली आवृत्ती विद्वानांत नावाजलेली. ज्या सरकारने शिकवले त्यालाच नावे ठेवतोस, अशा अर्थाची समज त्यांनी दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. व्याकरणाची तक्रार नव्हतीच. मुलगा त्या भाषेत विचार करू लागला होता, आणि तपासणाराला नेमके तेच खुपले. रानड्यांनी मात्र ग्रँटसाहेबांविषयीचा आदर सोडला नाही. मला ते साधले नसते.

विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी त्याच दशकात बाहेर पडली होती. इंग्रजीत एवढे मुरलेल्या या माणसाने ती परत आणण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे खटपट केली. १९०१ च्या जानेवारीत ते वारले, आणि त्याच साली एम. ए.ला मराठीला जागा मिळाली.

इतक्यात स्वयंपाकघरातून हाक आली. चकल्या मोडताहेत म्हणे. मी तो कंदिलाचा निबंध पुन्हा एकदा वाचला, लंगड्या क्रियापदांखाली रेघा ओढल्या, आणि गाइडवाल्यांपेक्षा त्याला एक गुण जास्त घातला. वरिष्ठांनी विचारले तर काय सांगायचे, ते सुट्टीत ठरवीन.