कपडे परत मागू नका

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते वहीत चढवले, चहा आला, आणि एकीनं हळूच विषय काढला. तिची बारावी सायन्स झालेली मुलगी नौदलात अग्निवीर व्हायचा फॉर्म भरायचा म्हणते. ही बाई स्वतः कांड्या भरते, नवरा यंत्रमागावर. गणपतीपुळ्याची एक सहल सोडली तर घरात कुणी समुद्र पाहिलेला नाही. आम्हाला वाटलं, ती बोटीचं विचारेल, लांब पाठवायचं कसं ते विचारेल. तिनं विचारलं, "तिथं कापडं कोण देतं? आणि चार वर्षांनी घरी धाडलं तर काढून घेत्यात का?"

आम्ही हसलो. इचलकरंजीची बाई, तिला आधी कापडच सुचणार! पण नंतर वाचत गेलो तसं हसू मावळलं. हाच प्रश्न 1946 साली मुंबईत खलाशांनी आपल्या मागण्यांच्या यादीत लिहिला होता.

आमच्या शेजारच्या गल्लीत नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. आम्ही चौघीजणी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. आत पांढरा गणवेश, निळ्या कॉलरचा, घडीवर पिवळा पडलेला. ओडिशात चिल्का सरोवराकाठी नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं ते विशीच्या आत गेले. पहिल्याच दिवसांत रांगेत उभं करून एकेक वस्तू हातावर टाकत गेले म्हणाले. कपडे, बूट, टोपी, किटबॅग, ओझं हनुवटीपर्यंत आलं. बूट एक नंबर मोठे निघाले. प्रत्येक कपड्यावर आपला नंबर घालायचा, घडी ठरल्या मापाची, आणि तपासणीला सगळं मांडून दाखवायचं. "घरी आईनं कधी सुई हातात दिली नव्हती. पहिलं बटण तिथं शिवलं," असं ते सांगत होते आणि काकू शेजारी बसून म्हणाल्या, "आणि शेवटचंही तिथंच."

आपल्या नौदलाच्या बऱ्याच रीती ब्रिटिश आरमारातून आल्या. त्या आरमारातही पूर्वी साध्या खलाशाला गणवेश नव्हता. जहाजावरचा भांडारवाला कपडे विकायचा आणि पैसे पगारातून कापायचा. खलाशांसाठी गणवेशाचे नियम आले ते 1857 साली. पुढं भरतीच्या पोरांना सुरुवातीला कपड्यांचा संच मिळू लागला. त्यावर लाकडी ठशानं आपलं नाव उमटवायचं, आणि त्या अक्षरांवरून लाल रेशमानं साखळी टाका घालायचा. हो, आपण रुमालावर घालतो तोच साखळी टाका! कपडे शिवायला-रफू करायला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळायची, तिचं नावच 'मेक अँड मेंड', म्हणजे शिवा आणि सांधा. सुया, दोरा, बटणं ठेवायची एक गुंडाळी प्रत्येकाजवळ असायची. तिला काय म्हणायचे माहीत आहे? 'हाउसवाइफ'. म्हणजे गृहिणी. घरची बाई बरोबर नेता येत नाही, म्हणून तिचं नाव सुईदोऱ्याला दिलं. आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक आक्का म्हणाल्या, "म्हणजे आमची किंमत तेवढीच धरली!" दुसरी म्हणाली, तेवढी तरी धरली.

झोपायला कॅनव्हासची झोळी. सकाळी उठलं की ती दोरीनं आवळून बांधून जागेवर ठेवायची. समुद्रात माणूस गेला तर त्याच झोळीत वजन घालून, शिवून त्याला पाण्यात सोडायचे. आपल्याकडे मागाच्या आवाजात बाळ झोळीत निजतं. तिथं झोळी शेवटपर्यंत सोबत.

त्यांच्या बोलीत आपलेही शब्द शिरले. कपडे धुण्याला ते 'धोबी' करणं म्हणायचे. आणि कामाच्या जाड कपड्यांना डंगरी म्हणतात ना, तो शब्द मुंबईच्या डोंगरी भागावरून आला. तिथलं जाडंभरडं सुती कापड या नावानं परदेशी जायचं. ते कुणी विणलं, त्यांची नावं कुठं राहिली नाहीत.

आता 1946. दुसऱ्या महायुद्धाआधी हिंदी नौदलात दीड-दोन हजार माणसं होती, युद्ध संपेपर्यंत ती पंचवीस-तीस हजारांच्या घरात गेली. युद्ध संपलं, आता पोरांना घरी पाठवायचं होतं. आणि घरी काय होतं? 1943 पासून सरकारनं कापड आणि सूत नियंत्रणाखाली आणलं होतं. 'कंट्रोलचं कापड' हा शब्द आपल्या आज्ज्यांच्या तोंडी होता. विणकराला सूत मिळेना, बाईला लुगडं मिळेना. अशा दिवसांत जाड, टिकाऊ कपड्यांचा संच ही घरातली मोठी मत्ता होती.

18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्यातल्या 'तलवार' या तळावर खलाशांनी बंड केलं. नाव जहाजासारखं, पण ती जमिनीवरची संदेशवहनाची शाळा. निकृष्ट जेवण, अधिकाऱ्यांची शिवीगाळ, गोऱ्यांना एक पगार आणि आपल्याला दुसरा, यानं पोरं पेटली होती. 78 जहाजं, 20 तळ आणि सुमारे 20 हजार खलाशी त्यात उतरले. मागण्यांची यादी झाली: राजकीय कैदी आणि आझाद हिंद सेनेचे सैनिक सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौज परत आणा, ब्रिटिश नौदलाइतका पगार द्या, चांगलं जेवण द्या. आणि त्याच यादीत, नोकरीतून सुटताना कपड्यांचा संच परत मागू नका.

इतिहास लिहिणारे पहिल्या मागण्यांवर पानंच्या पानं लिहितात, कपड्यांची मागणी एका ओळीत उरकतात. आमच्या मते तिथं थांबायला हवं. साम्राज्याला आव्हान देणाऱ्या पोराला गावी उतरताना अंगावर काय असेल याचीही काळजी होती. यात लहानपणा कसला?

मुंबईच्या लोकांना ते कळलं. गेटवेवर माणसं खाण्याचे डबे घेऊन आली. 22 तारखेला गिरण्या बंद पडल्या. गोळीबार झाला, दोनशेहून जास्त नागरिक गेले. परळमध्ये कमल दोंदे गोळी लागून गेल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. या नावांचा उच्चार शाळेच्या पुस्तकात आम्ही तरी कधी ऐकला नव्हता. 23 तारखेला नेत्यांच्या सांगण्यावरून खलाशांनी शरणागती पत्करली. 476 जणांना काढून टाकलं, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही.

बायकांचंही एक पथक तेव्हा नौदलात होतं, 1944 पासून. त्यातल्या कल्याणी सेन या 1945 साली ब्रिटनला गेल्या, तिथं जाणाऱ्या सैन्यदलांतल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्या फोटोत साडी नेसलेल्या आहेत. साडीवर नौदलाची नोकरी! पुढं साध्या खलाशाच्या जागी मुली यायला मात्र फार वर्षं गेली. 28 मार्च 2023 ला चिल्काहून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात 273 मुली होत्या.

आमच्या गटातल्या बाईचा प्रश्न कपड्यांपुरता नव्हता, हे आम्हाला उशिरा कळलं. चार वर्षांनी जास्तीत जास्त शंभरातले पंचवीस कायम होतात. बाकीच्या पोरी परत येतील तेव्हा त्यांच्या हाती काय असेल, हे ती विचारत होती. मिळणाऱ्या रकमेचं आम्ही तिला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "पैसा येतो नि जातो." काकांनी तिला ट्रंकेतली निळी कॉलर हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी केली, कडेचे टाके बघितले आणि म्हणाली, "शिलाई चांगली हाय."

फॉर्म भरायचं ठरलंय. मुलगी रोज पहाटे नदीच्या रस्त्यानं पळायला जाते, आई सायकलवर मागं. सुई मात्र पोरीला अजून नीट धरता येत नाही. साखळी टाका शिकवायचं आमच्या शिवणवाल्या आक्कांनी अंगावर घेतलंय, मंगळवारी दुपारी, लाइट गेली की.