चिंबोरीचे कवच आणि कुत्र्याचा सांधा

चेंबूर हे नाव ‘चिंबोरी’ ह्या शब्दावरून पडले, असे एक मत प्रचलित आहे. त्याच्या खरेखोटेपणाचा निर्णय व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनी करावा. आम्हांस त्याची आठवण होण्याचे कारण अगदी निराळे आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचा बारा वर्षांचा लॅब्राडोर कुत्रा जिन्याच्या पहिल्या पायरीशीच थबकून उभा राहिला. वर पाहावे, आमच्या तोंडाकडे पाहावे, आणि खाली बसावे, असे त्याने तीन वेळा केले. पशुवैद्यांनी खुब्याचे व गुडघ्यांचे सांधे झिजल्याचे निदान केले. पुढे दुकानात गेलो, तेव्हा सांध्यांच्या पूरक द्रव्यांचे पाच डबे आमच्यापुढे मांडले गेले. प्रत्येकावर उंच उडी मारणाऱ्या तरण्या कुत्र्याचे चित्र होते, आणि पाचांपैकी चारांवर ‘ग्लुकोसामीन’ हे नाव होते. त्याचे मूळ बारीक अक्षरांत छापलेले होते: कोळंबी व खेकडा ह्यांची कवचे. ज्या गावास चिंबोरीने नाव दिले असे म्हणतात, त्याच गावात चिंबोरीच्या कवचाचा अर्क कुत्र्यासाठी विकत घ्यावा काय, हा प्रश्न आमच्यापुढे असा उभा राहिला.

प्रश्न घरगुती आहे खरा. परंतु त्याचे उत्तर शोधू लागल्यावर आमच्या ध्यानात आले की, त्याच्या मागे बराच मोठा इतिहास उभा आहे. कुत्र्याच्या म्हातारपणाची चिंता ही मनुष्यजातीस फार उशिरा लागलेली चिंता होय.

आपल्या पूर्वजांस कुत्र्याविषयी आदर नव्हता असे नाही. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले. दत्तात्रेयाच्या पायांशी कुत्रे आहेत आणि खंडोबाच्या घोड्यासंगे कुत्रा धावतो. परंतु आदर निराळा आणि वैद्यक निराळे. पशुवैद्यकाचे आपले मोठे ग्रंथ हत्तीवर व घोड्यावर आहेत. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून काढला, त्याचा विस्तार पाहिला म्हणजे हत्तीच्या पायांची काळजी किती बारकाईने घेतली जात होती हे कळते. शालिहोत्राच्या नावावरून तर घोड्याच्या वैद्यास ‘सालोत्री’ ही संज्ञाच मिळाली. हत्ती व घोडा ही राज्याची साधने होती. त्यांचा सांधा दुखला तर सैन्य अडत असे. कुत्र्याची गणना शिकारीत होई. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त शिकारी कुत्र्यांचे प्रकरण आहे, ते राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकीच्या साधनांमध्ये. जो प्राणी शिकारीपुरता पाळावयाचा, तो धावेनासा झाल्यावर त्याचे काय करावे, हा प्रश्न कोणास फारसा पडत नसावा.

मुंबईच्या इतिहासातही कुत्रा प्रथम येतो तो दंग्याच्या निमित्ताने. १८३२ सालच्या जून महिन्यात बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम चालली होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत असत. कोटातील पारशी मंडळींस कुत्रा धर्मदृष्ट्या पवित्र. तेव्हा शिपाई घरादारांतून कुत्री ओढून नेऊ लागल्याबरोबर शहरात दंगा उसळला. पुढे १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्याच्या निवारणार्थ येथे संस्था निघाली. त्याच वर्षी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे; कारण शहराच्या पशुवैद्यकास चालना मिळाली ती ओझ्याच्या जनावरांमुळे. सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या औदार्याने परळ येथे बाई साकरबाईंच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. बैल, घोडा, ट्रामचे तट्टू ह्यांच्या पायांवर शहराचा व्यापार चालत होता. १९०७ साली विजेची ट्राम आली, पुढे मोटारी आल्या, आणि परळच्या दारातून आत येणाऱ्या रुग्णांत घरगुती कुत्र्यांचे प्रमाण वाढत गेले.

चेंबूरचेही रूप असेच पालटले. १९२४ साली कुर्ल्याहून येथवरचा लोहमार्ग प्रवाशांस खुला झाला. १९४७ नंतर निर्वासितांच्या छावण्या वसल्या. मग वसाहती झाल्या आणि आता उंच इमारती उठल्या आहेत. अंगणातला कुत्रा तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेला. मातीऐवजी गुळगुळीत फरशी आली, रानात धावण्याऐवजी जिना आला, उष्ट्या भाकरीऐवजी भरलेले ताट आले. लॅब्राडोरसारख्या जातींत खुब्याच्या सांध्याची शिथिलता आनुवंशिक असते. तिच्यावर वजनाची व फरशीची भर पडली. उलट, लशी व औषधे ह्यांमुळे कुत्र्याचे आयुष्य वाढले. म्हणजे त्याचे दुखणे आणि आपली माया ही दोन्ही एकाच काळात वाढीस लागली, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत तो डबा येऊन बसला.

आता त्या डब्यातील द्रव्याची हकीकत. किड्यांच्या व खेकड्यांच्या कवचांस कठीणपणा देणारे जे द्रव्य, त्यास १८२३ साली ओदिये नामक फ्रेंच शास्त्रज्ञाने ‘कायटिन’ हे नाव दिले; त्यापूर्वी १८११ मध्ये ब्राकोनो ह्यास ते अळंब्यांत आढळले होते. १८७६ साली गेओर्ग लेडरहोझ ह्या तरुण जर्मन संशोधकाने मोठ्या शेवंडाची कवचे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून त्यांतून एक स्फटिकरूप शर्करा वेगळी केली, तेच ग्लुकोसामीन. त्याचा मामा म्हणजे विख्यात रसायनज्ञ वोलर, आणि ती कवचे मामाच्या जेवणाच्या ताटातली होती, अशी कथा सांगतात. त्या वेळी कोणाच्या मनात कुत्रा नव्हता, की गुडघाही नव्हता. ह्या द्रव्याची संपूर्ण रचना १९३९ साली वॉल्टर हॉवर्थ ह्याने निश्चित केली.

कृती आजही मूलतः तीच आहे. कवचातील चुना सौम्य आम्लाने काढावा, प्रथिने क्षाराने काढावीत, उरलेले कायटिन तीव्र आम्लात फोडावे. कोळंबीच्या निर्यातीमुळे आपल्या किनाऱ्यावर कवचांचे ढीग पडतात, ते कचरा न ठरता कच्चा माल ठरले ते ह्याच विद्येने. दुसरे द्रव्य कॉन्ड्रॉयटिन. ते गुरांच्या, डुकरांच्या किंवा शार्क माशांच्या कूर्चेतून काढतात. चेंबुरात ज्या घरी मासळी शिजत नाही अशीही पुष्कळ घरे आहेत, आणि त्यांतही कुत्री आहेत. त्यांनी डब्यावरील बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. बुरशीपासून केलेले ग्लुकोसामीनही मिळते.

सांध्यातील कूर्चेच्या घटनेत ग्लुकोसामीनपासून झालेले पदार्थ असतात. म्हणून ते पोटात दिले तर कूर्चा भरून निघेल, असा तर्क झाला. तर्क मोहक आहे; परंतु भिंतीस विटा लागतात म्हणून अंगणात विटा टाकल्याने भिंत उभी राहत नाही. अमेरिकेत १९९४ साली पूरक आहारद्रव्यांविषयी कायदा झाला आणि त्याने विक्रेत्यांस पुष्कळ मोकळीक दिली. १९९७ साली सांधेदुखीच्या ‘उपाया’वरील एका पुस्तकाने ग्लुकोसामीन घराघरांत नेले. माणसांसाठी जे निघाले ते लगोलग कुत्र्यांसाठीही निघाले. तो कायदा जनावरांच्या खाद्यास लागू नाही असे तेथील सरकारी खात्याने १९९६ मध्येच जाहीर केले होते. पण बाजार थांबला नाही, आणि २००१ साली उत्पादकांनी स्वतःच आपले नियमन करणारे मंडळ स्थापले. औषध सिद्ध करावे लागते. पूरकास बहुधा नुसते विकले की पुरते, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

मग परीक्षा झाली की नाही? झाली. माणसांची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली; गुडघेदुखीच्या १५८३ रोग्यांत ग्लुकोसामीन व कॉन्ड्रॉयटिन ही एकूण पाहता निष्क्रिय गोळीहून सरस ठरली नाहीत. कुत्र्यांत २००३ साली ७१ कुत्र्यांवर झालेल्या तुलनेत वेदनाशामक औषधांनी गुण दिला, पूरकाने दिला नाही. २००७ साली ३५ कुत्र्यांवरील दुसऱ्या चाचणीत मात्र सत्तराव्या दिवशी काही सुधारणा आढळली. एवढ्याने पक्ष समतोल वाटेल. परंतु २०२२ साली मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी उपलब्ध चाचण्यांचा एकत्र विचार करून ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉयटिन ह्या जोडीची वेदनेसाठी शिफारस करू नये असा निर्णय दिला, आणि माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांच्या बाजूने कौल दिला. त्या तेलाविषयी २०१० साली १२७ कुत्र्यांची चाचणी झाली होती. तीत सहा आठवड्यांत कुत्र्यांस उठणे व खेळणे सुलभ झाल्याचे मालकांनी नोंदविले.

येथे ‘मालकांनी नोंदविले’ ह्या शब्दांशी आम्ही थांबलो, आणि वाचकांनीही थांबावे. कुत्र्यास गोळी कसली आहे हे ठाऊक नसते, पण धन्यास असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निष्क्रिय गोळी मिळालेल्या ५८ लंगड्या कुत्र्यांचे पाय जमिनीवर किती भार देतात हे यंत्राने मोजले आणि ते मालकांच्या मताशी ताडून पाहिले. यंत्रास सुधारणा दिसत नसता निम्म्याहून अधिक वेळा मालकांस ती दिसली. खुद्द पशुवैद्यांचीही पुष्कळदा तशीच फसगत झाली. माया ही प्रेमळ साक्षीदार आहे, पण विश्वसनीय नव्हे.

ह्याचा अनुभव आमच्या घरीच आला. आम्ही पाचांतला एक डबा आणला होता. तीन आठवड्यांनी घरात सर्वांचे एकमत झाले की स्वारीच्या चालण्यात फरक आहे. घरातील धाकट्या मुलीने मात्र पहिल्या दिवसापासून जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने आकडे घातले होते, आणि तो कोणत्या पायरीवर थांबतो हे ती रोज वहीत लिहीत होती. वही उघडून पाहिली. पहिल्या आठवड्यात चौथी पायरी, तिसऱ्या आठवड्यातही चौथीच. फरक पडला होता तो आमच्या डोळ्यांत. डबा आणण्यात आमचा हेतू कुत्र्याचे दुःख कमी करण्याचा होता. पण त्याने कमी झाले ते आमचे, आणि ह्या समाधानात त्याचे तीन आठवडे दुखण्यात गेले, ह्याची आम्हांस लाज वाटली.

तेव्हा निवड कशी करावी? जेथे पुरावा सबळ आहे तेथून आरंभ करावा, आणि तो बहुधा डब्यात नसतो. अमेरिकेत एका पशुखाद्य कंपनीच्या संशोधकांनी लॅब्राडोरच्या ४८ पिलांच्या २४ जोड्या जन्मभर पाळल्या. प्रत्येक जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश अन्न कमी दिले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: भरपेट जेवणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ११.२ वर्षे, मितहाऱ्यांचे १३ वर्षे, आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. खाद्य विकणाऱ्यांनीच कमी खाद्याचा गुण सिद्ध करावा, ही साक्ष हलकी नव्हे. हाताने चाचपल्यास बरगड्या लागल्या पाहिजेत, ही साधी खूण.

त्यानंतर तेल घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात विलायती कॉड माशाचे तेल बंद पडल्यावर आपल्याकडे शार्कच्या यकृताचे तेल काढू लागले, हे जुन्या मंडळींस स्मरत असेल. पण यकृताच्या तेलात अ व ड जीवनसत्त्वे फार असतात आणि सांध्यांसाठी लागणाऱ्या मोठ्या मात्रेत ती अपाय करतात. म्हणून माशाच्या अंगचे तेल घ्यावे, आणि बाटलीवर नुसते ‘मत्स्यतेल’ न पाहता ई. पी. ए. व डी. एच. ए. ह्यांचे प्रमाण आहे की नाही ते पाहावे. ग्लुकोसामीन घ्यावयाचेच असेल तर एका गोळीत किती मिलिग्रॅम आहे हे स्पष्ट सांगणारा डबा घ्यावा. सल्फेटाच्या वजनात मिठाचेही वजन असते. सातपुड्यातील साळईचा डिंक, हळद इत्यादिकांविषयी आस्था बाळगावी, पण तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या चाचणीवर भिस्त ठेवू नये. माणसांच्या गोड गोळ्यांत झायलिटॉल असल्यास ते कुत्र्यास विष होय. आणि माणसांची वेदनाशामके तर त्यास कदापि देऊ नयेत. त्याच्या दुखण्यास निराळी औषधे आहेत, ती पशुवैद्यांनी द्यावयाची. एका वेळी एकच बदल करावा, आणि वही ठेवावी.

आमच्या घरी आता फरशीवर सतरंज्या अंथरलेल्या आहेत. ताटातला भात कमी झाला आहे, पशुवैद्यांनी सांगितलेले औषध व तेल चालू आहे, आणि जिन्यावर त्याच्या पोटाखालून पंचा घालून दोघे जण त्यास आधार देतात. वहीतील आकडा चारवरून सातवर गेला आहे. तिसरा मजला अजून पुष्कळ दूर आहे, आणि तो त्यास पुन्हा एकट्याने गाठता येईल असे आम्ही मानीत नाही. परंतु हा सातचा आकडा आमच्या मायेने लिहिलेला नसून त्याच्या पायांनी लिहिलेला आहे, एवढे आम्हांस निश्चित ठाऊक आहे.